दोन गिरण्या आणि एक रविवार

परवा रविवारी सकाळी दळणाचा डबा घेऊन निघालो होतो. पाच किलो ज्वारी आणि वर पिशवीत दोन किलो गहू. दारात चप्पल घालतोय तोच खिशातला फोन वाजला. ऑफिसचा ग्रुप. 'उद्याच्या मीटिंगआधी आकडे हवेत, आज दुपारपर्यंत पाठवा.' मी डबा तिथेच ठेवला, चप्पल काढली आणि लॅपटॉप उघडून बसलो. दोन तास गेले. तोवर गिरणी बंद झाली होती.

आई पंच्याहत्तरीची आहे. ती पलीकडे शेंगा फोडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "तुझ्या भोंग्याला रविवारची सुट्टी नसती का रं?"

तेव्हा हसलो. पण तो प्रश्न काही डोक्यातून जाईना. म्हणून ही पोस्ट. जरा मोठी आहे, चहा घेऊन बसा.

आईला भोंगा चांगला माहीत आहे. माझे वडील, आम्ही त्यांना आण्णा म्हणायचो, मुंबईत कापडाच्या गिरणीत साचेखात्यात होते. लग्नानंतर आई दोन वर्षं त्यांच्यासोबत लालबागला खोलीवर राहिली. पहाटे भोंगा झाला की अख्खी चाळ जागी व्हायची, असं ती सांगते. पुढे मी झालो आणि ती गावी आली. गाव आमचं पाटण तालुक्यात. आण्णा मुंबईत, आम्ही गावाकडे. घाटावरच्या आणि कोकणातल्या हजारो घरांची हीच कथा आहे, त्यात आमचं वेगळं काही नाही.

मोबाईलने, कॉम्प्युटरने, एकूणच यंत्राने माणूस मोकळा झाला की बांधला गेला, हा वाद आपल्याकडे कट्ट्यावर रोज रंगतो. एक जण म्हणतो, अरे बँकेची रांग गेली, बिल भरायची रांग गेली, अजून काय पाहिजे? दुसरा म्हणतो, पूर्वी माणसं एकमेकांशी बोलायची, आता मान खाली घालून बसतात. दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात आणि वाद तिथेच संपतो. मला वाटतं, प्रश्नच चुकीचा विचारला जातो. बरोबर प्रश्न कोणता, ते आमच्याच घरात सापडतं.

मराठीत 'गिरणी' हा एकच शब्द आपण दोन यंत्रांना वापरतो. एक पिठाची, एक कापडाची. माझ्या आईच्या आयुष्यात पहिली आली, वडिलांच्या आयुष्यात दुसरी. दोन्ही यंत्रंच. पण दोघांच्या आयुष्यात दोन्हींनी केलं काय, ते बघा.

आधी पिठाची गिरणी.

आई दहा वर्षांची असल्यापासून आजीबरोबर जात्यावर बसायची. घरात नऊ माणसं. रोजची भाकरी, म्हणजे रोजचं दळण. आजच्यासारखं आठवड्याचं पीठ एकदम करून ठेवायची सोय नाही. पहाटे उठायचं, खुंट्याला समोरासमोर दोघींनी हात घालायचा, वैरण घालत राहायची आणि उजाडायच्या आत दळण संपवायचं. कारण उजाडलं की पाणी, शेण, चूल आणि मग शेत. जात्याला टाकी लावायची राहिली असेल तर दळण सरता सरत नाही. ७२ च्या दुष्काळात रेशनवर लाल मिलो मिळायची, तीसुद्धा तिने जात्यावर दळली आहे.

आमच्या गावात गिरणी आली ती माझ्या जन्माच्या आसपास. डिझेलवरचं इंजिन. कोयना धरण आमच्याच तालुक्यात. १९६२ पासून तिथली वीज मुंबईकडे जायला लागली, पण गावातली पहिली गिरणी चालली ती डिझेलवर! तिची पुकपुक पलीकडच्या वाडीत ऐकू जायची. पुकपुक सुरू झाली की बायका डोक्यावर पाट्या घेऊन निघायच्या.

मी एकदा आईला विचारलं होतं, जात्याची आठवण येते का गं? तेव्हा मी कॉलेजात होतो, ओव्यांवर कुठेतरी भाषण ऐकून आलो होतो. जातं गेलं आणि संस्कृती गेली, असं काहीतरी डोक्यात होतं. आईने एका वाक्यात निकाल लावला. "तुला दळायचं असंल तर माळ्यावर हाय जातं, उतरव."

हे उत्तर मी कधी विसरलो नाही. जे लोक जात्याबद्दल हळवं बोलतात त्यांतल्या बहुतेकांनी ते रोज पहाटे ओढलेलं नसतं.

पण गोष्ट इथे संपत नाही. त्याच आईने आणखी एक सांगितलं. जात्यावर बसलं की मनातलं बोलता यायचं. सासूबद्दल, नवऱ्याबद्दल, माहेराबद्दल, पोटच्या लेकीबद्दल. दिवसभर जे बोलायची सोय नाही, ते ओवीत बसवून म्हणायचं. दिवसातली तेवढी एकच वेळ बाईची स्वतःची होती आणि तीही राबण्याची. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉयट्वाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावी फिरून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. हे काम त्यांनी १९८० च्या दशकात सुरू केलं, म्हणजे गावोगावची जाती थांबत चालली होती तेव्हाच. एक लाख! ज्यांना लिहिता येत नव्हतं अशा बायकांनी केलेली एवढी रचना जगात फार थोड्या ठिकाणी जमा झाली असेल.

मग गिरणीमुळे वाचलेल्या त्या दोन तासांचं काय झालं? आईला विचारलं. ती म्हणाली, पहिले काही दिवस झोपले. मग सासू म्हणाली, आता दळण नाही तर लवकर शेतात जा. मग रोजगार हमीचं काम निघालं, तिथे खडी फोडायला जायला लागलो. आणि दळणाचे पैसे रोख द्यावे लागायचे. जात्याला पैसे लागत नव्हते, नुसते हात लागत होते. म्हणजे वाचलेल्या वेळेतला काही वेळ गिरणीचे पैसे मिळवण्यातच गेला.

तरीसुद्धा ती म्हणते, गिरणी चांगलीच. रोजगार हमीच्या मजुरीचा पैसा निदान तिच्या हातात पडायचा. दळणाचा पैसा कुणी दिला होता तिला?

अजून एक गोष्ट सांगायला हवी. यंत्राला जात कळत नाही, ते कुणाचीही ज्वारी दळतं. पण गिरणीच्या मालकाला जात कळते. दलित वस्तीवर गावाने बहिष्कार टाकायचा ठरवला की आधी दुकान बंद करायचं आणि पाठोपाठ गिरणी, हे आपल्या महाराष्ट्रात घडलेलं आहे. जातं कसंही असलं तरी आपल्या घरात असतं. गिरणी दुसऱ्याच्या हातात असते. यंत्राने सोय झाली की तिच्यासोबत हेही येतं, सोय बंद करायची चावी दुसऱ्याकडे जाते.

आता दुसरी गिरणी.

मुंबईत कापडाच्या गिरण्यांची सुरुवात कावसजी नानाभाई दावर यांनी केली. १८५४ मध्ये कंपनी स्थापन झाली आणि १८५६ मध्ये ताडदेवला गिरणी सुरू झाली. त्याआधी सूत चरख्यावर आणि कापड हातमागावर, घरात निघायचं. यंत्राने तेच काम कित्येक पट वेगाने व्हायला लागलं. आता साधा हिशेब करा. कित्येक पट वेगाने काम होतंय, तर माणसाला कमी वेळ राबावं लागायला हवं. झालं उलटं.

सुरुवातीला गिरणीत काम उजाडल्यापासून मावळेपर्यंत चालायचं. उन्हाळ्यात दिवस मोठा तर काम जास्त, हिवाळ्यात कमी. आठवड्याची हक्काची सुट्टी नाही. १८८१ मध्ये पहिला फॅक्टरी कायदा आला, तो मुख्यतः मुलांपुरता. सात वर्षांखालच्या मुलांना कामाला लावायचं नाही, आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांकडून दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त काम घ्यायचं नाही. परत वाचा. सात वर्षांचं पोर, नऊ तास, आणि ही सुधारणा! मोठ्या माणसांच्या तासांबद्दल कायद्यात एक अक्षर नाही. त्यातही हा कायदा यावा म्हणून जोर लावणाऱ्यांमध्ये इंग्लंडमधले लँकेशायरचे गिरणीमालक होते. मुंबईचा माल स्वस्त पडतो ही त्यांची पोटदुखी. आपल्या पोरांची दया त्यात कितपत होती, ते तुम्हीच ठरवा.

इथे नारायण मेघाजी लोखंडे येतात. दरवर्षी १० जूनला आपल्या सगळ्यांच्या फोनवर एक फॉरवर्ड येतो, 'रविवारची सुट्टी कुणामुळे मिळाली माहीत आहे का?' तेच लोखंडे. जन्म ठाण्याचा, १८४८ चा. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते आणि 'दीनबंधु' पत्राचे संपादक. १८८४ मध्ये त्यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज तयार केला. मागण्या काय होत्या? आठवड्यातून एक दिवस रविवारी सुट्टी. दुपारी अर्धा तास विसावा. काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्त, त्यापुढे नाही. पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत. कामावर इजा झाली तर भरपाई.

साडेसहा ते सूर्यास्त ही मागणी होती, हे लक्षात घ्या! म्हणजे प्रत्यक्षात काय चालत असेल?

रविवारच कशासाठी, तर तो खंडोबाचा वार, असा मुद्दा लोखंड्यांनी मांडल्याचं सांगितलं जातं. सहा वर्षं हा माणूस त्यामागे लागला. १८९० च्या एप्रिलमध्ये दहा हजार कामगारांची सभा झाली, त्या सभेत दोन कामगार बायकाही बोलल्या. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्या वर्षीच्या, १८९१ च्या कायद्यात आठवड्याची सुट्टी आली आणि बायकांना अकरा तासांची मर्यादा मिळाली. फॉरवर्डमध्ये बऱ्याचदा 'इंग्रजांनी सुट्टी दिली' असं असतं. ती दिलेली नाही, मागून मागून मिळवलेली आहे. लोखंडे १८९७ मध्ये प्लेगच्या साथीत लोकांची सेवा करता करता गेले.

पण गंमत पुढे आहे. गंमत म्हणायचं, दुसरं काय!

पुरुषांच्या तासांना अजूनही कायद्याची मर्यादा नव्हती. मर्यादा होती ती फक्त सूर्याची. अंधार पडला की धागा दिसत नाही, म्हणून साचे बंद. मग गिरण्यांमध्ये विजेचे दिवे आले. आपण शाळेत काय शिकलो? विजेचा दिवा म्हणजे प्रगती, अंधारातून प्रकाशाकडे वगैरे. गिरणी कामगाराच्या आयुष्यात त्या दिव्याने काय केलं, तर त्याची संध्याकाळ नेली. १९०५ च्या सुमाराला मालाला चांगली मागणी होती, तेव्हा दिवे असलेल्या काही गिरण्या चौदा-पंधरा तास चालल्या. कामगारांनी काम बंद केलं, दगडफेक झाली, वर्तमानपत्रांतून ओरड झाली, सरकारला चौकशी समित्या नेमाव्या लागल्या. एवढं झाल्यावर १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांतल्या पुरुषांना दिवसाला बारा तासांची मर्यादा आली.

त्याच सुमाराला घड्याळाचा एक प्रकार झाला. मुंबईची स्थानिक वेळ आजच्या भारतीय प्रमाणवेळेपेक्षा ३९ मिनिटं मागे होती. १ जानेवारी १९०६ पासून प्रमाणवेळ लागू झाली. आगगाडीच्या आणि तारेच्या कामासाठी ती सोयीची होती, यात शंका नाही. पण घड्याळाप्रमाणे सहाला हजर व्हायचं म्हणजे सूर्याच्या हिशेबाने पाच एकवीसला! त्या जानेवारीत या नव्या वेळेवरून गिरणी कामगारांनी काम बंद केलं होतं. अडाणी लोक घड्याळाला घाबरले, असं कुणाला वाटेल. ते अडाणी नव्हते. घड्याळ गिरणीत आहे, आपल्या घरात नाही, आणि काटा कुणाच्या सोयीने सरकतोय हे त्यांना बरोबर कळलं होतं.

पुढचा टप्पा १९२८. यंत्रं सुधारली होती, कामाची पद्धत 'शास्त्रीय' करायची होती. म्हणजे काय, तर दोन साचे बघणाऱ्या विणकराने आता तीन बघायचे. यंत्राने काम हलकं केलं, म्हणून माणसाला हलकं वाटायला हवं होतं. त्याला जास्तीचा साचा मिळाला आणि शेजारच्याला घरचा रस्ता. एप्रिल ते ऑक्टोबर, सहा महिने संप चालला, दीड लाखाच्या आसपास कामगार बाहेर होते. गिरणी कामगार युनियन, लाल बावटा, या संपातूनच उभी राहिली. तास कमी होत गेले ते असे, एकेक करून. १९२२ मध्ये अकरा, १९३४ मध्ये दहा. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कायद्याने दिवसाला नऊ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस.

माझ्या आण्णांच्या वाट्याला ही आठ तासांची पाळी आली. आधी बदली म्हणून, मग कायम. पाळी सुटल्यावर ते भजनाला जायचे, कबड्डी बघायला जायचे, चाळीतल्या वाचनालयात पेपर वाचायचे. गिरणगावातलं नाटक, शाहिरी, व्यायामशाळा, भजनी मंडळं हे सगळं कशावर उभं राहिलं? भोंगा झाल्यानंतरच्या वेळेवर. आणि तो वेळ साच्याने दिलेला नव्हता. लोखंड्यांच्या अर्जाने, १९०५ च्या कामबंदने, १९२८ च्या उपासमारीने दिला होता.

याचा पुरावा पाहिजे? आमच्या घरात आहे.

१८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार. मी आठ वर्षांचा. आण्णा 'आठ-पंधरा दिवसात मिटेल' म्हणून गावी आले, ते कायमचेच. संप अधिकृतपणे कधी मागेसुद्धा घेतला गेला नाही. त्या संपाची बाजू कुणाची बरोबर, कुणाची चूक, यावर आजही घरात भांडण होतं, ते इथे नको. मला सांगायचंय ते साच्यांचं.

गिरण्या मोडकळीला आल्या तसे तिथले जुने साचे भंगारात गेले, आणि बरेच विकलेही गेले. विकत कुणी घेतले? भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागवाल्यांनी. आण्णांच्या ओळखीचे एक काका संपानंतर भिवंडीला लागले. ते घरी आले की आण्णांना सांगायचे, "अरे, साचा तोच आहे. आपल्या खात्यातलाच वाटतो." साचा तोच. धागा तोच. आवाजसुद्धा तोच. पण गिरणगावात त्याच्यापुढे माणूस आठ तास उभा राहायचा आणि भिवंडीत बारा तास. कारण कारखाना छोटा, हजेरीपुस्तक नाही, युनियन नाही, कायदा दारापर्यंत पोचत नाही.

माझ्या मते सगळ्या वादाचं उत्तर या एका साच्यात आहे. यंत्र एकच असताना एका गावात माणूस संध्याकाळी भजनाला जातो आणि दुसऱ्या गावात यंत्राशेजारीच झोपतो. म्हणजे फरक यंत्रात नाही. यंत्र वेळ वाचवतं, एवढंच त्याचं काम. वाचलेला वेळ कुणाच्या खात्यावर जमा करायचा हे यंत्र ठरवत नाही. ते सासू ठरवते, मालक ठरवतो, सरकार ठरवतं. आणि आपण गप्प बसलो नाही तर थोडंफार आपणही ठरवतो.

आता माझ्या खिशातल्या भोंग्याकडे येतो.

मोबाईलला शिव्या घालणाऱ्यांतला मी नाही. माझी आजी वारली तेव्हा आण्णांना तार केली होती. ती मिळून ते गावी पोचेपर्यंत तिसरा दिवस उजाडला. आईचं तोंड त्यांना बघायला मिळालं नाही. आज माझी आई पुण्यातल्या नातवाला रोज रात्री व्हिडिओ कॉलवर बघते आणि 'वाळलास' म्हणून दम देते. ज्या बाईने नवऱ्याच्या मनीऑर्डरची दहा-दहा दिवस वाट बघितली, तिला फोनवर पैसे आलेले दाखवले तर तिला ते जादूच वाटते. याची किंमत तिला माझ्यापेक्षा जास्त कळते.

पण त्याच आईला रेशनच्या दुकानात मशिनवर अंगठा लावावा लागतो आणि तिचा अंगठा उमटत नाही. दोनदा, तीनदा, बोट पुसून, पाणी लावून, तरी नाही. जातं ओढून, खुरपं धरून, खडी फोडून तिच्या बोटांवरच्या रेषा झिजल्या आहेत. मशिनला ती ओळखू येत नाही. राबणाऱ्या कितीतरी म्हाताऱ्या हातांचं हेच होतं. रांगेतला माणूस वैतागून म्हणतो, "आजी, उद्या या." पूर्वी कार्डावर शिक्का मारून धान्य मिळायचं, त्यात चोरी व्हायची, हे खरं आहे. मशिनमुळे चोरी कमी व्हावी हा हेतूही चांगला. पण मशिनची चूक झाली तर खेटे आईने मारायचे, हे कुणी ठरवलं? मशिनने नाही.

आणि माझा रविवार? आण्णांना गिरणीतला मुकादम पाळी सुटल्यावर लालबागच्या खोलीवर येऊन 'चल, साचा चालव' म्हणू शकत नव्हता. म्हणाला असता तर चाळ अंगावर गेली असती. माझा साहेब रविवारी सकाळी माझ्या घरात येतो, दारही न वाजवता. आणि मी डबा खाली ठेवतो. कुणी जबरदस्ती केली नव्हती हो! ग्रुपवर बाकीच्या चौघांनी अंगठा दाखवला होता, म्हणून मीही दाखवला. १८९० मध्ये दहा हजार माणसं एकत्र येऊन 'नाही' म्हणाली होती. आमच्या ग्रुपवर पाच माणसं आहेत आणि एकमेकांकडे बघत 'हो' म्हणतात.

फ्रान्समध्ये २०१७ पासून कायदा आहे, पन्नास किंवा जास्त कामगार असलेल्या कंपनीने कामानंतर फोन-मेलपासून मोकळं राहायच्या हक्काबद्दल कामगारांशी बोलणी करायची. आपल्याकडे २०१८ मध्ये खासदार सुप्रिया सुळे यांनी अशाच हक्काचं खासगी विधेयक लोकसभेत मांडलं होतं, त्याचा कायदा झाला नाही. उलट सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्या राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतल्या रोजच्या कामाची मर्यादा नऊ तासांवरून बारा तासांपर्यंत नेण्याच्या बदलाला मंजुरी दिली. जादा कामाला कामगाराची संमती लागेल, मोबदला मिळेल, असं सरकारचं म्हणणं आहे. गुंतवणूक येईल, रोजगार वाढेल, हेही म्हणणं आहे. त्या बाजूलाही काही अर्थ असेल. पण बारा हा आकडा वाचून मी थबकलो. १९११ च्या कायद्यातला आकडा बाराच होता. तेव्हा ती मर्यादा कामगारांनी पंधरावरून खाली खेचून आणली होती, आता नऊवरून वर चालली आहे. आणि संमतीबद्दल म्हणाल, तर ती कशी मिळते ते मी वर सांगितलंच. चार अंगठे दिसले की पाचवा आपोआप येतो.

मधल्या शंभर वर्षांत यंत्रं किती सुधारली! साच्याच्या जागी संगणक आला, तारेच्या जागी व्हॉट्सॲप आलं. यंत्रानेच माणूस मोकळा होणार असता, तर आज आपल्याला आठवड्यातून दोन दिवस काम पुरलं असतं.

म्हणून पुढच्या वेळी कट्ट्यावर हा वाद निघाला तर मी एवढंच विचारणार आहे. नव्या यंत्राने वेळ वाचला ना? बरं, मग तो कुणाला मिळाला? आईचा वाचलेला वेळ सासूला मिळाला, आण्णांचा त्यांना स्वतःला मिळाला. माझा कुणाला मिळतोय?

काल ऑफिसच्या ग्रुपवर मी लिहिलं, 'रविवारी आलेल्या मेसेजला मी सोमवारी सकाळी उत्तर देईन.' लिहायला पाच मिनिटं लागली, पाठवायला अर्धा तास. अजून साहेबांचं उत्तर नाही. एका सहकाऱ्याने अंगठा दाखवलाय आणि दुसऱ्याने वेगळा मेसेज करून विचारलंय, "काय झालं रे, नोकरी सोडतोयस का?"

नोकरी सोडत नाही. येत्या रविवारी दळण आणणार आहे, एवढंच.

तुमच्या गावात पिठाची गिरणी कोणत्या साली आली, ते घरातल्या आईला, आजीला विचारून बघा. आणि त्यानंतर त्यांच्या पहाटेचं काय झालं, तेही विचारा. जमलं तर इथे लिहा. हा इतिहास कुठल्या सरकारी दप्तरात नाही. तो त्यांच्यापाशीच आहे, आणि त्या आता थकत चालल्या आहेत.